नामसाम्य आणि त्याचा धोका : रायफलच्या दारूंच्या नावांविषयी

१. विषयप्रवेश

पुण्याच्या परिसरात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द अशी दोन गावे आहेत. महाराष्ट्रात अशी जोडगावे पुष्कळ आढळतात. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे शब्द फारसीतून आलेले असून त्यांचा अर्थ अनुक्रमे थोरले आणि धाकटे असा आहे. सरकारी कागदपत्रांत ही विशेषणे कटाक्षाने लिहिली जातात. परंतु गावचा माणूस बोलताना नुसते ‘वडगाव’ म्हणतो, कारण कोणते वडगाव हे ऐकणाऱ्यास ठाऊकच असते. अडचण येते ती परक्यास. त्याच्या हाती अर्धेच नाव पडते आणि पत्र दुसऱ्या गावी जाते. तेथे हानी होते ती एखाद्या दिवसाच्या विलंबाची.

ज्या व्यवहारात अर्धे नाव ऐकून केलेल्या कृतीची किंमत डोळा, हात किंवा प्राण देऊन चुकवावी लागते, असा एक व्यवहार प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे. अमेरिकेत, तसेच कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत अनेक नेमबाज व शिकारी आपली रायफलची काडतुसे स्वतः भरतात. एकदा वापरलेले पितळी कवच पुन्हा आकारास आणावयाचे, त्यात नवा प्राइमर बसवावयाचा, मोजून दारू ओतावयाची व वर गोळी दाबून बसवावयाची, असा हा उद्योग आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे हा छंद आपल्याकडे रूढ नाही. आपला संबंध येतो तो नावांशी. या दारूंच्या नावांत जी अनेकार्थता आणि जी पर्यायता शिरली आहे, ती नामविचाराच्या अभ्यासकास फार उद्बोधक आहे. तिचे परिणाम दाबाच्या आकड्यांत मोजता येतात, ही गोष्ट भाषाशास्त्रात क्वचितच लाभते.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट होईल. ‘दारू’ हा शब्द येथे दारूगोळ्यातील अर्थाने योजला आहे. मूळ फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत त्याच शब्दाने मद्य आणि स्फोटक चूर्ण असे दोन्ही अर्थ घेतले आहेत. परंतु संदर्भामुळे आपली गफलत सहसा होत नाही. संदर्भ हा भाषेचा मोठा आधार आहे. तो आधार सुटला म्हणजे काय होते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. दारूचे ज्वलन : थोडी पार्श्वभूमी

पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून रायफलसाठी उपयुक्त अशी निर्धूम दारू सिद्ध केली. आजच्या रायफलमधील सर्व दारू त्याच कुळातील आहेत. काहींत केवळ नायट्रोसेल्युलोज असते, तर काहींत नायट्रोग्लिसरिनचीही जोड असते. कोणाचे दाणे बारीक नळीच्या तुकड्यांसारखे असतात, कोणाचे गोल वा चपटलेल्या गोळ्यांसारखे असतात. दाण्यांवर ज्वलन मंद करणाऱ्या द्रव्याचा लेप दिलेला असतो. दाण्याचा आकार, त्यातील छिद्र, लेपाचे प्रमाण आणि मूळ रसायन या सर्वांवरून ती दारू किती त्वरेने जळणार हे ठरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दारूचा ज्वलनवेग स्थिर नसतो. तो दाबाबरोबर वाढतो. हा संबंधही व्हिएय यानेच सूत्रबद्ध केला. दारू जळू लागली की वायू निर्माण होतो, वायूमुळे दाब वाढतो आणि वाढलेल्या दाबामुळे दारू अधिकच वेगाने जळते. गोळी नळीत पुढे सरकून वायूला जागा करून देते, म्हणूनच हे चक्र आटोक्यात राहते. दारू अपेक्षेहून शीघ्र असेल तर गोळी पुरेशी सरकण्यापूर्वीच दाब शिगेस पोहोचतो. यावरून असे दिसेल की, ज्वलनवेगातील थोड्या फरकाने होणारी दाबाची वाढ त्या फरकाच्या प्रमाणात राहीलच असे नाही. ती पुष्कळ अधिक असू शकते.

‘थर्टी-ऑट-सिक्स’ या सुप्रसिद्ध काडतुसासाठी अमेरिकन उत्पादकांच्या मानक संस्थेने कमाल सरासरी दाबाची मर्यादा दर चौरस इंचास ६०,००० पौंड अशी ठरविली आहे. वातावरणाच्या दाबाच्या हे सुमारे चार हजार पट होते. एवढा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर पितळेच्या एका कवचात आणि पोलादी कोठ्यात कोंडलेला असतो. ही मर्यादा बरीच ओलांडली गेली तर कवच फाटते, तप्त वायू मागे येतो, आणि क्वचित बंदुकीचा कोठाच फुटतो.

म्हणून प्रत्येक काडतुसासाठी, प्रत्येक गोळीच्या वजनासाठी, कोणती दारू किती घालावी याची कोष्टके उत्पादक स्वतः दाब मोजून प्रसिद्ध करतात. त्यात आरंभीचा भार आणि कमाल भार असे दोन आकडे असतात. हे आकडे त्या एका दारूचे असतात. नावाचे महत्त्व येथेच सुरू होते. कोष्टक आणि डबा यांना जोडणारा दुवा म्हणजे डब्यावरील नाव; त्याहून दुसरा कोणताही दुवा माणसाच्या हाती नसतो. दोन दारूंचे करडे दाणे शेजारी ठेवले तर अनुभवी डोळ्यालाही त्यांतील भेद निश्चितपणे सांगता येत नाही.

३. एका अंकाचा इतिहास

‘४८३१’ या अंकाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ड्यूपाँ कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी २० मिलिमीटर तोफांकरिता एक मंद दारू पुरविली. तिचा क्रमांक ४८३१ होता. युद्ध संपल्यावर शिल्लक साठे विक्रीस निघाले. कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन यांनी असे साठे विकत घेऊन छंदी नेमबाजांस स्वस्तात विकण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या विक्रीतून ४८३१ घरोघरी पोहोचली. त्या काळी ‘४८३१’ म्हटल्यावर दुसरी कोणती दारू मनात येण्याचे कारणच नव्हते. अंक हेच विशेषनाम झाले होते.

पुढे जुने साठे संपत आले. हॉजडन यांच्या कंपनीने तशाच गुणाची नवी दारू प्रथम स्कॉटलंडमध्ये आणि नंतर ऑस्ट्रेलियात करवून घेतली व ती ‘एच ४८३१’ या नावाने विकली. इकडे १९७० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने आपल्या ‘आयएमआर’ मालिकेत त्याच अंकाची एक दारू बाजारात आणली. ‘आयएमआर’ ही अक्षरे ‘इम्प्रूव्हड मिलिटरी रायफल’ या शब्दांचा संक्षेप होत. अंक तोच, परंतु दारू मात्र निराळी होती. आयएमआर ४८३१ ही एच ४८३१ पेक्षा शीघ्र जळते. परिणामी एच ४८३१ च्या कोष्टकातील कमाल भार आयएमआर ४८३१ चा म्हणून भरला, तर दाब मर्यादेपलीकडे जातो. उत्पादकांच्या पुस्तिकांतून याविषयी ठळक इशारे छापले गेले, ते याच कारणाने.

यानंतरची घटना भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. २००३ साली हॉजडन कंपनीने आयएमआर हा व्यवसायच विकत घेतला. तोपर्यंत ‘हॉजडनची ४८३१’ आणि ‘ड्यूपाँची ४८३१’ असे म्हटल्याने भेद स्पष्ट होत असे. मालकी एक झाल्यावर ‘हॉजडनची ४८३१’ हा शब्दप्रयोगच संदिग्ध झाला, कारण दोन्ही डब्यांवर एकाच घराचे नाव आले. शब्द बदलले नाहीत. वस्तुस्थिती बदलली आणि शब्दांची भेद दाखविण्याची शक्ती नाहीशी झाली. अर्थपरिवर्तनाचे हे उदाहरण पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे आहे.

शिवाय जुन्या पुस्तकांचा प्रश्न उरतोच. दुसरी दारू निघण्यापूर्वी छापलेल्या पुस्तिकेत केवळ ‘४८३१’ असा उल्लेख असेल तर तो युद्धोत्तर साठ्यातील दारूचा होय. आजचा वाचक त्या अंकास आपल्या कपाटातील डबा चिकटवितो. जुन्या ग्रंथातील शब्द आजच्या अर्थाने वाचण्याची ही चूक साहित्याच्या विद्यार्थ्याकडूनही होते. परंतु तेथे परीक्षकाचे चार गुण जातात, इतकेच.

४. नामसाम्याचे चार प्रकार

वर दिलेले उदाहरण एकटे नाही. या क्षेत्रातील नावांचे सोयीसाठी चार वर्ग करता येतील.

पहिला वर्ग अनेकार्थतेचा : एक अंक, अनेक दारू. ४८३१ प्रमाणेच ४८९५ आणि ४३५० या अंकांच्याही एच आणि आयएमआर अशा दोन दोन दारू आहेत. त्या परस्परांच्या जवळच्या असल्या तरी एक नव्हेत. एच ४८९५ साठी उत्पादकाने काही काडतुसांत कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येण्याची मुभा जाहीर केली आहे. ती मुभा त्या नावापुरतीच आहे आणि आयएमआर ४८९५ ला ती लागू होत नाही. जवळीक म्हणजे अभेद नव्हे, हे येथे नीट समजून घ्यावे.

दुसरा वर्ग पर्यायतेचा : अनेक नावे, एक दारू. हॉजडनची एच ११० आणि विंचेस्टरची २९६, तसेच एच ४१४ आणि विंचेस्टर ७६० या जोड्यांतील दारू एकच असल्याचे उत्पादकांनीच सांगितले आहे. ऑस्ट्रेलियात ‘एआर २२०८’ या नावाने मिळणारी दारू अमेरिकेत ‘व्हारगेट’ म्हणून विकली जाते, तर ‘एआर २२०९’ म्हणजे तिकडची एच ४३५०. गंमत अशी की, येथे नावांत कोणतेही साम्य नसताना वस्तू एक आहे आणि पहिल्या वर्गात नावे जुळी असताना वस्तू भिन्न आहेत. नाव आणि वस्तू यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे तत्त्व याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

तिसरा वर्ग प्रत्ययाचा : मूळ नावास जोडलेल्या अक्षरांनी काय बदलते? ‘एच ४८३१ एससी’ यातील ‘एससी’ म्हणजे आखूड कापलेले दाणे. दाणे आखूड असल्याने ते मापयंत्रातून सुलभतेने उतरतात. ज्वलनवेग तोच असून कोष्टकही तेच चालते, असे उत्पादक सांगतो. याउलट ‘आयएमआर’च्या जागी ‘एच’ आले तर कोष्टकच बदलते. एका अक्षराने काहीच बदलत नाही, दुसऱ्याने सर्व बदलते; आणि कोणते अक्षर कोणत्या जातीचे हे नावाकडे पाहून कळत नाही.

चौथा वर्ग भ्रामक क्रमाचा. आयएमआर मालिकेतील काही दारू शीघ्रतेकडून मंदतेकडे अशा मांडल्या तर क्रम असा येतो : ४२२७, ४१९८, ३०३१, ४८९५, ४०६४, ४३५०, ४८३१. या आकड्यांत चढ नाही की उतार नाही. ते क्रमांक आहेत, परिमाणे नव्हेत. परंतु अंक दिसला की मनुष्याचे मन त्यात क्रम शोधते. ४८९५ हा ४८३१ च्या लगतचा अंक म्हणून दारूही लगतची असेल, असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. वस्तुतः ४८९५ पुष्कळच शीघ्र आहे, आणि त्या समजुतीने केलेली अदलाबदल अतिशय घातक ठरेल.

या गोंधळात व्यवस्थित नावांचेही उदाहरण आहे. फिनलंडच्या व्हिहताव्हुओरी कंपनीच्या रायफल-दारूंत ‘एन १००’ ही मालिका केवळ नायट्रोसेल्युलोजची, तर ‘एन ५००’ ही मालिका नायट्रोग्लिसरिनची जोड दिलेली आहे. मालिकेच्या अंतर्गत अंक वाढेल तशी दारू मंद होत जाते. एन १४० आणि एन ५४० यांतील पहिला अंक कुळ सांगतो व पुढील अंक साधारण वेग सांगतो. येथे नाव अंशतः सार्थ आहे. तरीही दोघींचे कोष्टक वेगळेच. सार्थ नाव वर्गीकरणास उपयोगी पडते, भार ठरविण्यास नव्हे.

५. अनुबंध आणि लोप

व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस या ठिकाणी पाणिनीच्या अनुबंधांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. प्रत्ययास जोडलेला अनुबंध-वर्ण उच्चारात राहत नाही, त्याचा लोप होतो. पण कोणते कार्य करावयाचे हे तोच ठरवितो. ‘एच’ आणि ‘आयएमआर’ ही अक्षरे अशाच प्रकारची आहेत. नेमबाजांच्या बोलण्यातून ती गळतात, अंक तेवढा उरतो. फरक इतकाच की, व्याकरणात लोप झालेल्या अनुबंधाचे स्मरण शास्त्राने बंधनकारक केले आहे, येथे तसे काही नाही.

शिवसूत्रांत ‘ण्’ हा अनुबंध दोनदा आला आहे, हेही येथे सांगण्यासारखे आहे. त्यामुळे ‘अण्’ आणि ‘इण्’ हे प्रत्याहार कोणत्या णकारापर्यंत घ्यावयाचे असा संशय उत्पन्न होतो. परंपरेने तो व्याख्यानाच्या साह्याने सोडविला : ‘इण्’ सर्वत्र पुढच्या णकारापर्यंत, ‘अण्’ सवर्णग्रहणाचे सूत्र वगळता सर्वत्र पहिल्या णकारापर्यंत. संशय आला म्हणून शास्त्र टाकून देऊ नये, जाणत्यांच्या व्याख्यानाने विशेष अर्थ निश्चित करून घ्यावा, अशी वैयाकरणांची भूमिका आहे. दारूच्या बाबतीत हे व्याख्यान म्हणजे उत्पादकाचे प्रसिद्ध कोष्टक होय. मित्राची आठवण, दुकानदाराचा अंदाज किंवा दाण्यांचे रूप यांस व्याख्यानाचा अधिकार नाही.

औषधांच्या नावांतही हाच प्रश्न उभा राहिला होता. अमेरिकेत ‘लोसेक’ हे आम्लपित्तावरील औषध ‘लॅसिक्स’ या मूत्रल औषधाशी गल्लत होऊ लागल्याने १९९० मध्ये ‘प्रायलोसेक’ या नावाने विकले जाऊ लागले. तेथे नियामक संस्थेच्या आग्रहाने नाव बदलता आले. दारूंच्या बाबतीत जुने अंक लोकांच्या इतके अंगवळणी पडले आहेत की, ते तसेच राहिले. सावधगिरीचा भार वाचकावर पडला.

६. मापाच्या शब्दातील संदिग्धता

नावाच्या जोडीला मापाचा शब्दही संशयास्पद आहे. दारूचे वजन ‘ग्रेन’मध्ये सांगतात. इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ दाणा. नवशिक्या ‘४० ग्रेन’ म्हणजे चाळीस दाणे समजला तर ते हास्यास्पद खरे, पण निरुपद्रवी. ग्रेनऐवजी ग्रॅम समजला तर मात्र अनर्थ, कारण एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन येतात. धान्याच्या वा बीजाच्या दाण्यावरून वजनाचे नाव पडणे आपल्यालाही अपरिचित नाही. आपली गुंज ही बीही आहे आणि वजनही. ब्रिटिश अमदानीत १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनांचा ठरविण्यात आला. ९६ गुंजांचा एक तोळा या हिशेबाने एक गुंज १.८७५ ग्रेन भरते. सोनाराच्या तराजूवरील गुंजभर चूक ग्राहकास पैशांत भोगावी लागते. कमाल भाराशी पोहोचलेल्या काडतुसात गुंजभर अधिक दारू हीही उपेक्षणीय गोष्ट नव्हे.

७. दारू बदलताना पाळावयाचे नियम

एखादी दारू बाजारात मिळेनाशी झाली की, नावाने जवळची दिसणारी दुसरी घेण्याचा मोह होतो. अशा वेळी अनुभवी लोक जे नियम पाळतात ते वरील विवेचनातून सहज निष्पन्न होतात.

पहिला नियम पूर्ण नावाचा. उत्पादकाचे नाव, अक्षरे, अंक आणि प्रत्यय यांसह डब्यावरील नाव आणि कोष्टकातील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. एकही घटक जुळला नाही तर ती दुसरी दारू समजावी आणि तिचे स्वतंत्र कोष्टक शोधावे. ते सापडले नाही तर ती दारू त्या काडतुसासाठी वापरू नये.

दुसरा नियम असा की, दोन नावे पर्यायी आहेत हे उत्पादकाने स्पष्टपणे सांगितल्याखेरीज मानू नये. ज्वलनवेगाचे तक्ते प्रसिद्ध होतात, परंतु त्यांत केवळ क्रम असतो, अंतर नसते. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन दारूंमध्ये अंतर किती हे त्यावरून कळत नाही; म्हणून तक्त्यावरून भार काढणे सर्वथा वर्ज्य.

तिसरा नियम : नव्या दारूचा आरंभ तिच्या कोष्टकातील आरंभीच्या भारापासूनच करावा आणि अल्प अल्प वाढवीत जावे. जुन्या दारूचा भार नव्या दारूस ‘थोडा कमी करून’ लावणे हा उपाय नव्हे. सर्वच दारूंचा भार हवा तितका कमी करणेही सुरक्षित नसते. एच ११० च्या बाबतीत ३ टक्क्यांहून अधिक घट करू नये असा उत्पादकाचा इशारा आहे. गोळी, प्राइमर किंवा कवच बदलले, अथवा त्याच नावाच्या दारूचा नवा घाणा उघडला, तरीही भार खाली आणून पुन्हा चढविणे योग्य. कवचावर दिसणाऱ्या अतिदाबाच्या खुणांवर विसंबू नये, कारण पुष्कळदा मर्यादा ओलांडली गेल्यानंतरच त्या प्रकट होतात.

चौथा नियम मेजाचा. भरणीच्या मेजावर एका वेळी एकच डबा असावा. काम संपताच मापयंत्रातील उरलेली दारू त्याच डब्यात परत ओतावी आणि यंत्र रिकामे झाल्याची खात्री करावी. दारू मूळ डब्याखेरीज अन्य बाटलीत ठेवू नये. दोन दारू कदापि मिसळू नयेत. ज्या दारूचे नाव निश्चित नाही, ती कितीही महाग असली तरी वापरू नये; नाव हरवलेली दारू ही ओळख हरवलेली वस्तू आहे.

पाचवा नियम लेखनाचा. भरलेल्या काडतुसांच्या पेटीवर आणि आपल्या वहीत दारूचे संपूर्ण नाव, घाण्याचा क्रमांक, भार व तारीख लिहावी. ‘४८३१’ एवढेच लिहून ठेवणारा मनुष्य पाच वर्षांनी स्वतःलाच परका झालेला असतो.

८. समारोप

या विवेचनातून अभ्यासकांपुढे दोन मुद्दे ठेवावयाचे आहेत. बोलण्यातील संक्षेप हा दोष नव्हे. समान संदर्भ असलेल्या माणसांमध्ये तो भाषेचा स्वाभाविक धर्मच आहे. परंतु काळ, देश किंवा मालकी बदलली की समान संदर्भ मोडतो, आणि गळालेले अक्षर परत आणण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते. ती जबाबदारी त्यास पार पाडता यावी यासाठी लिहिणाऱ्याने पूर्ण नाव लिहिलेच पाहिजे. दुसरा मुद्दा असा की, नामसाम्य आणि वस्तुसाम्य यांचा परस्परांवरून निर्णय करता येत नाही. तो निर्णय नेहमी त्या व्यवस्थेतील अधिकृत व्याख्यानावरूनच करावा लागतो.

औषधे, खते, कीटकनाशके, यंत्रांची वंगणे अशा अनेक क्षेत्रांत आपल्याकडेही नावांचे असे पुंजके आहेत. त्यांची नोंद करून नामरचनेच्या दृष्टीने त्यांचे वर्गीकरण करणे, हे पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी उपयुक्त कार्य ठरेल. असे कार्य कोणी अंगावर घेतल्यास शेतकऱ्यास आणि रुग्णासही त्याचा लाभ होईल.